भीमराजमामांचे आकडे

मुलुंडच्या आग्रा रोडवर तेव्हा कारखान्यांची रांग होती. त्यातल्या एका कंपनीत औषधाची पावडर तयार व्हायची. गोळ्या दुसरीकडे कुठेतरी बनत. आमच्याकडून नुसती पांढरी पावडर ड्रमांत भरून जायची. १९८३ साली मी तिथे प्रॉडक्शन ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. माझे वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडली, पण त्यांच्यासाठी उघडली नाही. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत ते दिवसभर रेडिओशेजारी बसून असत, आणि घरातली थोरली मी.

माझं काम फेअर कॉपीचं. ओली पावडर स्टीलच्या ट्रेमध्ये पसरून ड्रायरमध्ये ठेवत. ड्रायर म्हणजे खोलीएवढं लोखंडी कपाट, आतून वाफेच्या नळ्यांनी तापणारं. सकाळी साडेसातला ट्रे आत जात आणि दुपारी अडीचला बाहेर येत. तेवढ्या वेळात दर अर्ध्या तासाने दारावरच्या तबकडीतला काटा बघून तापमान टिपून ठेवावं लागे. हे काम भीमराज ओव्हाळ करत. वाफेची चावी कमी-जास्त करणंही त्यांच्याच हातात. ते आकडे टिपत रद्द लेबलांच्या कोऱ्या बाजूवर, जाड पेन्सिलीने. दुसऱ्या दिवशी ती लेबलं माझ्या टेबलावर येत आणि मी ते आकडे शाईने बॅच रजिस्टरमध्ये उतरवत असे. बाहेरून तपासणीला येणारे साहेब ते रजिस्टर बघत. लेबलं कोणी बघत नसे. माझं उतरवून झालं की ती टोपलीत पडत, आणि टोपली बॉयलरच्या भट्टीत रिकामी होई.

माझ्याआधी हे काम वसुधाबाई करत. त्यांचं लग्न ठरलं म्हणून त्या नोकरी सोडत होत्या. जाण्यापूर्वी आठवडाभर त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. पहिल्याच दिवशी मी लेबलावरचे आकडे वाचायला लागले: एक्कावन्न, बावन्न, बावन्न, बावन्न, पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ, पासष्ट, सहासष्ट. ते तसेच रजिस्टरमध्ये लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात वसुधाबाईंनी माझं मनगट धरलं.

"अगं काय करतेस? मंजूर कागदावर तापमान किती दिलंय?"

"साठ."

"मग साठच्या आसपास लिही ना. एक्कावन्न बघितलं की तपासणीवाले विचारणार, एक्कावन्न का. मग टिपणीससाहेब मला विचारणार, मग मी कुणाला विचारू?"

"पण काट्यावर तर..."

"माल पास होतोय ना? झालं तर मग. आणि सगळीकडे साठ साठ नको लिहूस हं, खोटं वाटतं. मधे एकोणसाठ टाक, कुठे एकसष्ट."

मी तसं लिहायला लागले. पहिले काही दिवस पेन थोडं अडलं असेल. नंतर मी लेबलाकडे बघतही नव्हते. त्यावरचा बॅच नंबर आणि तारीख घ्यायची, बाकीचं हातच लिहायचा. शनिवारी भीमराजमामा सह्या करायला यायचे. दारातूनच विचारायचे, "किती आहेत आज, सुगंधाताई?"

"सहा."

"बोट ठेवा."

मी पानाच्या तळाशी बोट ठेवायची आणि ते बोटाशेजारी सही करायचे. पान वाचायचे नाहीत. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मूळचे नगरकडचे, घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहायचे. रात्रशाळेतून सातवी झालेले. मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. एकदा मीच विचारलं होतं, "मामा, बघत नाही तुम्ही काय लिहिलंय ते?"

"काय बघायचं? माझेच आकडे, तुमच्या अक्षरात. तुमचं अक्षर बघितलं की मला वाटतं, हे मी लिहिलंच नसेल," असं म्हणून ते हसले होते. मीही हसले होते.

अशी तीन वर्षं गेली.

१९८६च्या पावसाळ्यानंतर कंपनीने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. ऑफिससाठी नव्हे, ड्रायरसाठी. ड्रायरच्या आत तापमान मोजणाऱ्या तारा बसणार, त्या एका खोलीतल्या यंत्राला जोडणार आणि पडद्यावर तापमानाची रेघ उमटणार. ठरलेल्या मर्यादेबाहेर रेघ गेली की भोंगा वाजणार आणि प्रिंटर ती वेळ छापणार. हे सगळं चालवायला कोणाला तरी शिकवायचं होतं. मला इंग्रजी टायपिंग येत होतं, मी पदवीधर होते आणि टिपणीससाहेबांच्या मते "हाताने नीट" होते. शरच्चंद्र टिपणीस आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सुगंधा, तू दोन आठवडे अंधेरीला जा. शिकून आलीस की खोली तुझी. सहा महिने बघू, नीट चाललं तर ऑपरेटर म्हणून कायम करू."

तोपर्यंत कारखान्यात बायका पॅकिंगला होत्या, लॅबमध्ये होत्या. यंत्राच्या खोलीत एकही नव्हती.

त्या दोन आठवड्यांचा आनंद मला अजून आठवतो, आणि तो आठवला की लाज वाटते. मुलुंडहून बस पवईवरून अंधेरीला जायची. उजवीकडे तलाव दिसायला लागला की मी मांडीवर वही उघडून आदल्या दिवसाचं वाचायची. एमआयडीसीत यंत्र विकणाऱ्या कंपनीचं छोटंसं ऑफिस होतं. शिकवायला चंद्रप्रकाश नावाचा इंजिनिअर, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारा. खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, धूळ नको म्हणून. एसीच्या गारठ्यात तळपाय गोठून जायचे. पहिल्या दिवशी मी कीबोर्डला हात लावायला घाबरले, तेव्हा तो म्हणाला, "दाबा ना मॅडम. बिघडलं तर मी आहे. नाही बिघडलं तर तुम्ही शिकणार कशा?"

मी शिकले. पडदे कसे बदलायचे, रेघ मागे नेऊन कालची कशी बघायची, भोंगा वाजला की तो 'ऐकला' असं यंत्राला कसं सांगायचं. शेवटच्या दिवशी चंद्रप्रकाशने मर्यादा भरायचा पडदा उघडला. वर-खाली दोन रिकाम्या चौकटी होत्या.

"आता हे तुमचं काम. नॉर्मल काय आहे ते तुम्ही सांगायचं. मशीनला काय माहीत? त्याला तुम्ही सांगाल ते नॉर्मल."

"कागदावर साठ आहे."

"कागद सोडा. चालतं किती ते बोला. ड्रायरवर जो माणूस आहे, त्याला विचारलं का?"

"त्यांना कशाला?" मी म्हटलं. "तीन वर्षांचं रजिस्टर आहे माझ्याकडे. एकोणसाठ ते एकसष्ट."

तो खूश झाला. "क्या बात है. एवढा सीधा ड्रायर मी कुठे बघितला नाही. थोडी सवलत देऊ. अठ्ठावन्न ते बासष्ट."

ते दोन आकडे मी माझ्या हाताने भरले. खरं सांगते, त्या वेळी मला काही खटकलंही नाही. इतकी वर्षं लिहून लिहून ते मला खरेच वाटायला लागले होते.

आमच्याकडे खोली तयार झाली तेव्हा सगळ्यात जास्त उत्सुकता भीमराजमामांना होती. बाकीचे ऑपरेटर म्हणत, आता आपली वाट लागली. मामा मात्र जेवणाच्या सुट्टीत चपला काढून आत यायचे आणि माझ्यामागे उभे राहायचे. तारा जोडल्या होत्या, भोंगा अजून चालू केला नव्हता.

"हा आपला काटाच आहे की," रेघेकडे बघत ते एकदा म्हणाले. "नुसता आडवा लोळतोय."

"मामा, हा काटा मागचंही दाखवतो. सकाळचं बघायचंय?"

"दाखवा बरं." मी रेघ मागे नेली. ते वाकून बघत राहिले. "मायला... साडेआठला मी चावी अर्धा आटा फिरवली होती. ते पण दिसतंय?"

"सगळं दिसतं."

"झकास. मग मला लिहायची गरजच नाही. हे शिकवाल का मला? माझा इंग्रजीचा घोळ आहे, पण आकडे तर सगळीकडे सारखेच."

मी शिकवायचं कबूल केलं. चार-पाच दिवस शिकवलंही. कुठली कळ कशाला ते त्यांनी एका लेबलामागे चित्र काढून लिहून घेतलं होतं. भोंगा 'ऐकला' सांगायच्या कळीला ते 'बरं बाई' म्हणायचे. "बायको ओरडली की मी हीच कळ दाबतो," असं म्हणाले होते. लॅबमधली नलिनी तेव्हा चहा घेऊन आली होती. ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. ते मागे उभे असताना पडद्यावरची सकाळची रेघ एक्कावन्नावर होती. मी ती बघत होते आणि तरी बघत नव्हते.

सोमवारी भोंगा चालू केला. साडेसातला ट्रे आत गेले. आठला पहिला भोंगा वाजला. खालची मर्यादा: तापमान पन्नास. मी इंटरकॉम उचलला.

"मामा, तापमान कमी आहे."

"असू द्या. आत्ता चढवायचं नसतं."

मी कळ दाबली. थोड्या वेळाने भोंगा पुन्हा वाजला. पुन्हा दाबली. साडेदहानंतर थोडा वेळ शांतता होती, कारण रेघ अठ्ठावन्नवर आली होती. मग ती बासष्टच्या वर गेली आणि भोंगा परत सुरू झाला. प्रिंटर करकरत होता, कागद टेबलावरून जमिनीवर उतरला होता. एक वाजता टिपणीससाहेब स्वतः आले. दारात त्यांनी बूट काढले नाहीत.

"काय चाललंय हे? मशीन बिघडलंय?"

मी म्हणू शकले असते की मर्यादा चुकीच्या आहेत. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, त्या कुठून आणल्या. मी म्हटलं, "मशीन बरोबर आहे, साहेब. चंद्रप्रकाशने तपासलंय."

त्यांनी जमिनीवरचा कागद उचलला, त्यावरच्या वेळा मोजल्या. सकाळपासून एकोणचाळीस वेळा. मग मला रजिस्टर आणायला सांगितलं. केबिनमध्ये एका बाजूला कागद, एका बाजूला रजिस्टर ठेवून ते पानं उलटत गेले. साठ, एकोणसाठ, साठ, एकसष्ट, साठ. माझं अक्षर, खाली भीमराज ओव्हाळांची सही.

"तीन वर्षं हा माणूस मनाला येईल ते लिहीत होता," ते म्हणाले. "ड्रायरकडे बघतसुद्धा नव्हता." आणि पुढे जे बोलले त्याची सुरुवात 'या लोकांचं' अशी होती. पूर्ण वाक्य मी इथे लिहीत नाही. पण मी ते पूर्ण ऐकलं आणि गप्प राहिले, हे लिहायला हवं.

मग त्यांनी मला विचारलं. प्रश्न साधा होता. "सुगंधा, तू त्याच्या रफ पानावरून उतरवतेस ना? त्यावर हेच आकडे असायचे?"

मला वाटतं, विचार करायला मला पुरेसा वेळ होता. खिडकीबाहेर लोडिंगचा ट्रक मागे येत होता, तो थांबेपर्यंत मी बोलले नाही. वडील डोळ्यांसमोर आले असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. माझ्या डोळ्यांसमोर ती गार खोली आली, तो पडदा आणि त्यासमोर बसलेली मी.

"हो साहेब," मी म्हटलं.

भीमराजमामांना बोलावलं. टिपणीस चाळिशीचे होते, पण त्यांना अरेतुरे करत. "ओव्हाळ, हे काय आहे?"

मामांनी रजिस्टर हातात घेतलं. बहुधा पहिल्यांदाच. एक पान वाचलं, मग दुसरं, मग मधलंच कुठलं तरी.

"हे माझे आकडे नाहीत," ते म्हणाले.

"मग सही कोणाची आहे?"

"सही माझी आहे."

"मग?"

"मी काट्यावर दिसलं ते लिहिलं, साहेब. लेबलावर."

"कुठे आहेत लेबलं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. एखाद्या ओळखीच्या माणसाला गर्दीत हाक मारावी आणि त्याने वळून बघावं म्हणून थांबावं, तसं. मी टेबलावरच्या प्रिंटरच्या कागदाच्या कडेची भोकं बघत होते.

"जळली असतील," ते शेवटी म्हणाले. मग रजिस्टर मिटून टेबलावर ठेवत, "आमच्या वस्तीतल्या पोरांना मी सांगतो, वाचल्याशिवाय सही करू नका. लोकांना सांगतो आणि मीच केली. तो गुन्हा माझा आहे. दुसरा नाही."

त्यांना कामावरून काढलं नाही. युनियनने मधे पडून तेवढं वाचवलं. ताकीदपत्र दिलं आणि ड्रायरवरून हलवून मागच्या अंगणात ड्रम धुवायला पाठवलं. बावीस वर्षं ड्रायरवर काढलेला माणूस. त्यांच्या जागी धोंडिराम नावाचा नवा ऑपरेटर आला. त्याला मी पडदा दाखवला आणि सांगितलं, अठ्ठावन्न ते बासष्ट. तो हुशार होता. दोन दिवसांत रेघ अशी सरळ आली की पट्टीने ओढावी. भोंगा एकदाही वाजला नाही. टिपणीससाहेबांनी तो कागद मुंबईतल्या हेड ऑफिसला पाठवला.

तिसऱ्या दिवशी नलिनी लॅबमधून आली. तिच्या हातात बशी होती आणि बशीत पावडरीचा खडा.

"काय गं हे? वरून दगड, आतून चिखल. दोन्ही बॅच नापास."

"तापमान तर एकदम बरोबर आहे," मी म्हटलं.

"तापमान खायचंय का आपल्याला? हे बघ ना." तिने खडा फोडला. आत ओलं होतं.

आठवडाभर हेच चाललं. टिपणीस वाफेच्या नळ्या तपासत होते, पावडर किती ओली येते ते बघत होते, चंद्रप्रकाशला फोन करत होते. मी एकटी काय झालं असेल ते जाणत होते, तेही अर्धवट. एक्कावन्न, बावन्न, बावन्न, बावन्न, पंचावन्न. मला पहिले पाचच आठवत होते, आणि यंत्र आदल्या दिवसापलीकडची रेघ ठेवत नव्हतं. तीन वर्षं ती लेबलं रोज माझ्या हाताखालून गेली होती आणि मला पुढचं एकही सांगता येत नव्हतं.

शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात गेले. मामा गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, रबरी बूट घालून ड्रम घासत होते. मला बघून त्यांनी पाण्याचा नळ बंद केला.

"या ताई. पाय भिजतील, तिकडे उभ्या राहा."

"मामा, चुकलं माझं," मी म्हटलं. घरून ठरवून आलेलं बाकी सगळं विसरले. "मी ते आकडे बदलायची. आधीपासून. तुमचे खरे होते."

"ते मला कळलं त्या दिवशीच. मला कशाला सांगता? साहेबांना सांगा."

"सांगते."

"बरं." ते ब्रश उचलायला वाकले. मग तसेच वाकलेले म्हणाले, "पण तुम्ही तेवढ्यासाठी आला नाहीत. माल बिघडतोय म्हणतात."

मी मान हलवली. त्यांनी ब्रश खाली ठेवला, उलट्या केलेल्या ड्रमवर बसले.

"ओल्या पावडरीला आधी जास्त ऊब दिली की तिच्यावर पापुद्रा धरतो. मग आतलं पाणी आतच. भाकरी करता ना? तवा जास्त तापला तर काय होतं? तसंच. आधी दोन तास पन्नास-बावन्न. मग हळूहळू. साठला पोचायला साडेतीन तास लावायचे. मग सहासष्टपर्यंत नेऊन तासभर ठेवायचं. शेवटी खाली आणायचं, नाहीतर बाहेर काढल्यावर पावडर हवेतली ओल ओढते. लिहून घ्या. तुमच्या डोक्यात राहायचं नाही."

मी लिहून घेतलं. ते एकेक आकडा सांगून थांबत होते, माझं पेन थांबेपर्यंत.

"मला का सांगताय, मामा?"

"औषध आहे ते," ते म्हणाले. "कोणाच्या तरी पोटात जाणार. त्याला काय माहीत तुमचं-माझं." आणि त्यांनी नळ सोडला.

यंत्रात दर अर्ध्या तासाची वेगळी मर्यादा भरता येत होती. ते मी अंधेरीला शिकले होते. दुपारी मी ते आकडे भरले. दुसऱ्या दिवशीची बॅच पास झाली. त्यानंतरची पण. टिपणीससाहेब खोलीत आले, या वेळी बूट काढून. मागे हात बांधून ते पडद्यासमोर उभे राहिले. रेघ चढत होती, जशी भीमराजमामांच्या हाताखाली चढायची.

"हे तू शोधलंस?"

ही माझी दुसरी संधी होती. मी म्हटलं, "साहेब, त्या रजिस्टरबद्दल मला थोडं बोलायचं होतं. ओव्हाळांचे आकडे जे होते ना..."

त्यांनी हात वर केला. ते मूर्ख नव्हते. त्यांना तेव्हाच सगळं कळलं असणार.

"सुगंधा, ते रजिस्टर तीन वर्षं तपासणीला गेलंय. माझी सही आहे प्रत्येक महिन्याला. ती फाईल बंद झाली. मला जे ऐकायचं नाही ते सांगू नकोस. कळलं?"

मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं कोणीतरी उचललं आणि वर सांगितलं की आता उचलायची गरज नाही. मी 'बरं साहेब' म्हणाले. मी प्रयत्न केला, पण त्यांनी ऐकलं नाही, अशी गोष्ट मी त्या दुपारी तयार केली आणि ती मी पुढे नलिनीलाही सांगितली. नलिनी म्हणाली, "मग लिहून दे ना गं. युनियनला दे. मी येते तुझ्याबरोबर." मी म्हटलं, बघू. सहा महिने न थांबता महिन्याभरानेच मला कायम केल्याचं पत्र आलं. आईने देवापुढे ठेवलं. नलिनीने परत तो विषय काढला नाही, आणि चहा घेऊन खोलीत येणंही कमी केलं.

भीमराजमामांनी दीड वर्ष ड्रम धुतले. अंगणातून माझ्या खोलीकडे यायला दोन मिनिटं लागत, पण ते आले नाहीत, मीही गेले नाही. गेटवर भेटले तर म्हणायचे, "काय ताई, बरं आहे ना?" त्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मग १९८८च्या मार्चमध्ये त्यांच्या पायाची दुखणी वाढली. सतत पाण्यात उभं राहून असेल. त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली.

शेवटच्या दिवशी, अकराच्या सुमाराला, दार उघडलं. ते होते. रबरी बूट बाहेर काढून, अनवाणी. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. कँटीनमध्ये त्यांचा छोटासा निरोप समारंभ झाला होता. मी गेले नव्हते. बॅच चालू आहे, सोडून कशी येऊ, असं सांगून पाठवलं होतं.

"येऊ का?"

"या ना मामा, या." मी खुर्चीतून उठले.

"बसा, बसा. मी फक्त बघायला आलोय." ते मागे उभे राहिले. पडद्यावर रेघ साठच्या जवळ आली होती. "किती वाजता चढवलं?"

"साडेनऊला."

"बरोबर." ते बघत राहिले. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे वाकले. तिथे त्या बॅचची कृती कोणाची, कधी भरली, ते इंग्रजीत उमटलेलं असे. ते ओठ हलवत एकेक अक्षर लावत गेले. "एस... यू... जी..." नाव पूर्ण लागायला वेळ लागला. मी मधे बोलले नाही.

"तुमचं नाव आहे."

"हो. ज्याने आकडे भरले त्याचं येतं."

"हां." ते सरळ झाले. "तिथं माझं टाकता येतं का?"

त्यांनी ते मागितल्यासारखं विचारलं नाही. कुठली कळ कशाला, हे विचारायचे तसंच विचारलं. यंत्राबद्दलची एक गोष्ट, जी त्यांना माहीत नव्हती.

नाव बदलायला यंत्राच्या कुलपात एक किल्ली घालून फिरवावी लागायची. ती फिरवली की नवं नाव टाईप करायचं, परत फिरवायची. एक मिनिटाचं काम. पण उद्या ते नाव टिपणीससाहेबांना दिसलं असतं. प्रत्येक बॅचच्या कागदावर छापून आलं असतं. कोणीतरी विचारलं असतं, ओव्हाळचं नाव इथे कसं.

"साहेबांची परवानगी लागते, मामा," मी म्हटलं. "किल्ली त्यांच्याकडे असते."

"असं होय," ते म्हणाले. "मग राहू द्या."

ते आणखी थोडा वेळ थांबले. रेघ साठला टेकली. त्यांनी मान हलवली, जशी चावी सोडून हात पुसताना हलवायचे. मग बाहेर गेले. काचेतून मला दिसलं, ते भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहून पिशवीतून काढलेल्या नव्या चपला घालत होते. रबरी बूट तिथेच ठेवून गेले.

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. आधीपासून तिथेच असायची.